बारा हिस्स्यांत संपणारी गोष्ट

काशीला आलं की आवडीचं काहीतरी एक सोडायचं, असा रिवाज आहे. बहुतेक यात्रेकरू मुळातच न आवडणारं कारलं सोडतात आणि पुण्य पदरात पाडून घेतात. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, तरी बाबांनी म्हातारपणी हा रिवाज फारच मनावर घेतला. साहेबाच्या शाळेत संस्कृत शिकवून पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी आधी तपकीर सोडली, मग पेरू, मग दुपारचा चहा. मरताना मन कशात अडकायला नको, एवढाच ध्यास. घरात आम्ही दोघंच. आई केव्हाच गेली होती आणि मी ऐन विशीत कुंकू पुसून माहेरी परत आले होते.

एकच गोष्ट त्यांच्याने सुटेना. दर महिन्याला छापून येणारे हिंदी किस्से! भुयारं, जादूची कुलपं, वेष पालटणारे हेर. त्या काळी बनारसमध्ये या किस्स्यांचं नुसतं पेव फुटलं होतं. पंडिताच्या घरात हे शोभत नाही, म्हणून चौरंगावर वर गीता आणि खाली किस्सा. त्यांना मोतीबिंदू झालेला, तेव्हा दिवेलागणीला वाचायचं काम माझं.

पण त्यातही त्यांची एक अट होती. एक किस्सा वर्षानुवर्षं चालला होता, सगळी गल्ली त्यापायी वेडी झाली होती. त्याला त्यांनी घरात येऊ दिलं नाही. "त्याला अंत नाही, मला आहे," म्हणाले. मग मुन्शी घाटावरच्या गल्लीतल्या एका छापखान्याने नवा किस्सा काढला. वेष्टनावरच छापलं होतं, बारा हिस्स्यांत पूर्ण. बाबा खूश झाले. "हा आण. तेवढं तर मी टिकेन."

किस्स्यात एक राजकुमारी भुयारात कैद होती. दर महिन्याला तिला कोणीतरी सोडवता सोडवता राहायचं. इकडे बाबा खंगत चालले होते. पण नवा हिस्सा यायच्या दिवशी तोंड धुऊन, उशीला टेकून बसायचे, आणि त्या दिवशी भातही दोन घास जास्त जायचा. मला त्या राजकुमारीचं काही सोयरसुतक नव्हतं. मी त्या दोन घासांसाठी वाचत होते.

बाराव्या हिस्स्यात शेवटचं कुलूप तुटलं, दार उघडलं. आत आणखी एक चौक, आणि चौकात आणखी एक दार. खाली ओळ होती, पुढचा हिस्सा लवकरच.

"हे तर मारुतीचं शेपूट झालं!" बाबा ओरडले आणि खोकत आडवे झाले. धाप ओसरल्यावर म्हणाले, "जा, विचारून ये. संपणार कधी?"

सकाळी गंगेवरून परतताना मी ओल्या लुगड्यानिशी तशीच छापखान्यात शिरले. मालक स्वतःच लिहायचा, स्वतःच छापायचा. तोंडात पान, बोटांना शाई. मी बाबांची गोष्ट सांगितली, तर तो हसला.

"बहिनजी, लोग माँग रहे हैं, तो खतम काहे करें? जब तक बिकेगा, राजकुमारी अंदर रहेगी."

"पर अंत में होगा क्या?"

"ई तो हमको भी नहीं मालूम."

मला आनंद झाला. खरं सांगते, पायऱ्या उतरताना मला रडू येईल इतका आनंद झाला. किस्सा संपणार नाही म्हणजे बाबा थांबणार, असं माझं साधं गणित. घरी येऊन मी ते उत्तर अगदी उत्साहाने सांगितलं.

दोन दिवसांनी बाबा म्हणाले, मला घाटावर ने. डोलीत घालून त्यांना दशाश्वमेधला नेलं. आमच्या गुरुजींपुढे त्यांनी ओंजळ धरली आणि किस्सा सोडायचा संकल्प सांगा म्हणाले. गुरुजी गोंधळले. "बाबा, लोक वांगं सोडतात, पेरू सोडतात. किताब सोडलेली मी तर कधी सुनली नाही."

"तुम्ही मंत्र म्हणा."

बाबांनी ओंजळीतलं पाणी सोडलं. मला वाटलं, माझ्याच हातातलं काहीतरी काढून घेतलं.

त्यानंतरच्या संध्याकाळी फार वाईट गेल्या. दिवा लावला की हात रिकामे. शेजारच्या घरात तेरावा हिस्सा मोठ्याने वाचत होते, ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं. बाबा डोळे उघडे ठेवून पडलेले असायचे. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "आणू का बाबा? प्रायश्चित्त काय ते मी घेईन."

"नको गं. त्या पोरीचं काय व्हायचं ते होवो." मग म्हणाले, "मला तुझं पुढे काय होतं ते बघायचं होतं."

"माझं होईल नीट."

"कोण म्हणतं?"

मी वात पुढे सारली.

पौषाच्या थंडीत ते गेले. गल्लीतले सगळे म्हणाले, पंडितजी भाग्याचे, काशीत देह ठेवला, मुक्त झाले. मीही मान डोलावली. पण माझ्या मनगटाभोवतीची त्यांची बोटं सोडवायला दोन माणसं लागली होती.