मागं वळून न बघणारा

वरातीतल्या फटाक्यांचा वास आला की मला तेरखेड्याची शेड आठवते. ठिणगी नको म्हणून चपला लांब लिंबाखाली काढून दत्तू आणि मी सुतळी बॉम्बात दारू भरायचो. तोंडानं वाद चालायचा तो सिनेमातल्या हेराचा. एकाच हेराचं काम तीन नटांनी केलेलं. मला नवा आवडायचा. पाठीमागं स्फोट झाला तरी तो वळून बघायचा नाही. मला ते धाडस वाटायचं.

दत्तू म्हणायचा, "त्यो खोटा हाय. जुना बघ, आत कोण ऱ्हायलं म्हणून माघारी फिरतो."

त्या दुपारी दत्तूपुढची दारू पेटली. मी अनवाणी पळालो, एकदाही वळून न बघता.

संध्याकाळी लिंबाखाली चपलांचे दोन जोड तसेच होते. मी माझा पायात घातला.