धाकटीच्या डोक्याचा फोटो

माझी धाकटी बहीण पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, हाक मारली तर वळून पाहत नव्हती. बीबी गावातल्या आमच्या गल्लीनं तिचं नाव 'भैरी', म्हणजे बहिरी, असं ठेवून टाकलं होतं. शेजारची काकू तर अंगणात उभी राहून मोठ्यानं विचारायची, "काय करून राह्यली वं तुई भैरी?" माय धाकटीला घेऊन आत जायची. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. औरंगाबादला मेंदूचे एक डॉक्टर आहेत, ते यंत्र लावून डोक्याच्या आत काय चाललंय ते कागदावर काढतात, असं कळलं. गावानं त्याला लगेच 'डोक्याचा फोटो' म्हणायला सुरुवात केली. ऐकू येत नाही असं निघालं, तर धाकटीला दूरच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत ठेवायचं, असं बाबांनी ठरवलं होतं. मला तर त्या फोटोच्या नादात रात्रभर झोप नाही.

परगावी जायचं, त्यात फोटो काढायचा, म्हणून मायनं पहाटेच धाकटीच्या डोक्यावर वाटीभर तेल थापलं आणि दोन वेण्या घट्ट बांधल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी केसांना हात लावला आणि तोच हात कपाळावर मारून घेतला.

"बाई, या तेलावर माझी एक तार चिकटायची नाही."

"मंग का कोरड्या डोक्यानं आणाची पोरगी? लोकं काय म्हनतीन?" मायनं विचारलं.

झालं! दवाखान्यामागच्या नळाखाली धुणं सुरू. डोक्यावर पाणी पडलेलं धाकटीला मुळी खपायचं नाही. तिनं असा आकांत मांडला की रस्त्यावरची माणसं थांबली. तेल काही निघता निघेना. शेवटी निघालं, तोवर ती दमली आणि मायच्या मांडीवर उन्हातच झोपून गेली. डॉक्टर एकदम खूश! जागेपणी ती तारा लावूच देणार नव्हती.

तिला झोपेतच आत नेलं, तारा लागल्या. लांबलचक कागद सरकू लागला आणि त्यावर बारीक लेखण्या रेघा ओढू लागल्या. डॉक्टरांनी टाळी वाजवली. रेघा उसळल्या!

"आता तुम्ही हाक मारा. नेहमी मारता तशी."

माय वाकून हळूच म्हणाली, "ऊठ वं बाई."

टाळीपेक्षा मोठी उसळी! धाकटी गाढ झोपेत, पापणीसुद्धा हलली नव्हती. मी टुणकन उडी मारली, त्यावर डॉक्टरांची बोलणी खाल्ली आणि पुन्हा मारली.

"ऐकू येतंय हिला," डॉक्टर म्हणाले. "मग वळून का पाहत नाही, ते मात्र या कागदावर दिसत नाही. ते शोधावं लागेल. पण त्या शाळेत नका पाठवू."

बाबा बाहेर बाकावर बसले होते. मी पळत जाऊन सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडून तेच पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. परतीच्या बसमध्ये, आमच्या अलीकडचं दुसरबीड गाव मागे पडलं तरी माय धाकटीच्या कानाशी काहीबाही सांगतच होती. धाकटी खिडकीबाहेर बघत होती.

गल्लीत शिरलो तर काकू ओट्यावर हजर. "आली का वं तुई भैरी?"

मायनं तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल वं. तिले समदं ऐकू येते. आजपर्यंत तू बोलली तेबी ऐकू आलं."