काड्यांवर बसवलेला रूळ

तळ्याकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिडाच्या फळ्या दुरुस्त करणाऱ्या मामींचं राज्य होतं, आणि त्या राज्यात माफीची सोय नव्हती. एकदा एका दातांच्या डॉक्टरांनी, मामींनी दोनदा बजावलेलं असतानाही, आपल्या शिडाच्या फळीच्या, म्हणजे विंडसर्फिंगच्या फळीच्या, रुळात बोटभर ग्रीस कोंबलं. आता हा रूळ म्हणजे काय, तर जुन्या फळ्यांवर डोलकाठी एका जागी खिळलेली नसते. फळीच्या पाठीत हातभर लांबीचा ॲल्युमिनियमचा रूळ स्क्रूंनी बसवलेला असतो, त्यात एक ठोकळा पुढेमागे सरकतो आणि काठी त्या ठोकळ्यावर उभी असते. पायानं पेडल दाबलं की ठोकळा सुटतो, सोडलं की खीळ खाचेत बसते. रुळाला गोडं पाणी हवं, जुना टूथब्रश हवा, फार तर कोरडं मेण हवं. ग्रीस लावलं की दोन दिवस ठोकळा लोण्यावरून गेल्यासारखा जातो, तिसऱ्या दिवशी ग्रीसला वाळू चिकटते आणि सगळं दगड होऊन बसतं.

डॉक्टर फळी घेऊन आले. मामींनी ती हसून ठेवून घेतली आणि रांगेत शेवटी लावली. नवीन फळी आली की ती डॉक्टरांच्या पुढे. अख्खा मोसम असा गेला. डॉक्टर विचारायला आले की मामी म्हणत, "दुखणाऱ्या दाढेला नाही का तुम्ही बाहेर बसवून ठेवत?" काठावरची मंडळी पोट धरून हसायची, पण ग्रीसचा डबा त्यानंतर कोणाच्या पिशवीत दिसला नाही.

ही झाली किरकोळ खुन्नस. खरा डूख मामींनी एकाच माणसावर धरला होता, तो म्हणजे त्यांच्या नणंदेवर, आणि त्याला तीसएक वर्षं झाली होती.

तेव्हा मामा, म्हणजे मामींचे यजमान, तळ्यावरचे पहिल्या नंबरचे शिडवाले होते. त्यांच्या फळीचा रूळ मामींनी नव्यानं बसवून दिला होता. आठवडाही झाला नसेल, मामा भर वाऱ्यात तळ्याच्या मधोमध असताना रुळाचं पुढचं टोक उखडलं, ठोकळा रुळातून निसटला आणि काठी, शीड, आडवी दांडी सगळं त्यांच्या खांद्यावर कोसळलं. हाड नीट जुळलं नाही ते नाहीच. उजवा हात खांद्याच्या वर पुन्हा कधी गेला नाही.

दवाखान्याच्या बाकावर सगळे सुन्न बसलेले असताना तोंड पहिल्यांदा उघडलं ते नणंदेनं. "वहिनीनं परवाच रूळ बसवला होता ना? स्क्रू नीट आवळले नसतील." बस्स, एवढंच. ते वाक्य बाकावरून उठलं आणि काठाकाठानं सगळ्या तळ्याला फिरून आलं. खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं हे ठरलं की माणसं निर्धास्त होतात. मामी रात्र रात्र आठवत राहिल्या, कुठला स्क्रू राहिला असेल? त्यांचा स्वतःच्या हातावरचाच विश्वास उडाला.

मामांनी मात्र एका शब्दानं विचारलं नाही. हात गळ्यात बांधलेला असतानाच त्यांनी डाव्या हातानं तो रूळ जागेवर बसवला, फळी ताडपत्रीत गुंडाळली, शेडच्या आढ्याला टांगली आणि म्हणाले, "हिला कोणी हात लावायचा नाही." मामींनी त्याचा अर्थ एकच घेतला. मारलं असतं, ओरडले असते तरी परवडलं असतं, असं त्यांना वाटे. पुढे मामींनी शेकडो फळ्या दुरुस्त केल्या, एकही परत आली नाही, पण डोक्यावर ती ताडपत्री लोंबकळत होतीच.

आणि मग या उन्हाळ्यात भाचीला, म्हणजे नणंदेच्या मुलीला, जुन्या फळ्यांच्या शर्यतीत उतरायचं होतं. तिला मामाचीच फळी हवी होती. मामा आधी नको नको म्हणाले, पण एकुलत्या एका भाचीपुढे त्यांचं काय चालणार? फळी खाली उतरली. नणंद शेडच्या दारात उभी राहून, चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाली, "वहिनी, या वेळी स्क्रू नीट आवळ हं."

मामींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण त्या फक्त म्हणाल्या, "आवळते की वन्सं."

नणंदेची पाठ वळल्यावर त्यांनी रुळावर गरम पाणी सोडलं, पांढरी पूड धरलेल्या जागी व्हिनेगरच्या चिंध्या ठेवल्या, आणि चहा होईपर्यंत थांबून पुढच्या टोकाचे स्क्रू काढायला घेतले. स्क्रू मुळीच अडले नाहीत. केकमधून सुरी निघावी तसे निघाले. मामींनी टोक उचलून भोकात डोकावून पाहिलं आणि त्यांच्या हातातला पेचकस तसाच राहिला.

भोकांत आगपेटीच्या काड्या होत्या. काळ्या पडलेल्या, फुगलेल्या, दाटीवाटीनं कोंबलेल्या. एकीच्या टोकाला लाल गुलाचा डाग अजून होता.

स्क्रूचं भोक मोठं झालं की त्यात काड्या कोंबायच्या, ही त्या घरात एकाच व्यक्तीची कला होती. दाराच्या बिजागऱ्या, कपाटाच्या मुठी, आरशाची चौकट, जिथे म्हणून नणंदबाईंचा पेचकस फिरला तिथे काड्या, आणि गूल मोडण्याचाही त्यांना कंटाळा. लाकडात हे चालतं. फळीच्या पोटात असतो फोम. तिथे काड्या म्हणजे साबणात खिळा. भोक उकरून रेझिननं भरावं लागतं, ते वाळू द्यावं लागतं, मग नव्यानं पाडावं लागतं. मामींनी तसंच केलेलं होतं. म्हणजे नंतर कोणीतरी तो रूळ उघडला होता, भोकं खराब केली होती आणि काड्यांवर काम भागवून गप्प बसलं होतं. अपघाताच्या आदल्या दिवशी फळी कोणी नेली होती, हे मामींना आता लख्ख आठवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फासाची दोरी चोराच्याच हातात!

मामी स्टुलावर बसल्या आणि हसल्या. आनंदानं नव्हे. तीस वर्षांचा वचपा कसा काढायचा, याचा आराखडा डोक्यात तयार होत होता आणि तो इतका सुबक होता की त्यांना हसू आलं. त्यांनी काड्या जशाच्या तशा ठेवल्या, रूळ परत बसवला, स्क्रू हलकेच फिरवले. मग नणंदेला निरोप धाडला, की पुढचे स्क्रू काही केल्या निघत नाहीत, तुमचा हात हलका आहे, जरा येऊन बघा. मामांना म्हणाल्या, "तुम्हीही या. तुमचीच फळी आहे." त्यांना जगाची पर्वा नव्हती. ह्या एका माणसानं डोळ्यांनी बघावं, की तो हात आपल्या बायकोचा नव्हता, एवढंच हवं होतं.

दोघं आली. कौतुक ऐकून नणंद फुलून आलेली. "आण इकडे," म्हणत तिनं पेचकस घेतला. "बघ, निघतात की! तुझं वय झालं, वहिनी." दोन स्क्रू तिनं तोऱ्यात काढून ठेवले.

"आता टोक उचला वन्सं," मामी म्हणाल्या.

तिनं टोक उचललं. एक काडी रुळाला चिकटून वर आली आणि तिच्याच मनगटावर पडली.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? नणंद त्या काडीकडे बघत राहिली. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. "मी... वाळू काढायला उघडला होता," ती पुटपुटली. "भोकं मोठी झाली. दादा ओरडेल म्हणून... वहिनी, मी इतक्यांदा तसं बोलले, की मलाच ते खरं वाटायला लागलं गं."

मामींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या नवऱ्याचा चेहरा बघत होत्या. तीस वर्षं याच क्षणासाठी तर थांबल्या होत्या. तो चेहरा आता पांढरा पडेल, डोळे मोठे होतील, तो बहिणीवर कडाडेल.

मामांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ते फळीकडे बघत होते, एखादी ओळखीची गोष्ट बघावी तसे.

"अहो," मामी म्हणाल्या, "दिसतंय ना?"

"मला माहीत होतं," मामा म्हणाले.

शेडमध्ये व्हिनेगरचा वास भरून राहिला होता. नणंदेनं दचकून वर पाहिलं. हे तिलाही नवीन होतं.

"रूळ परत बसवला ना मी, तेव्हाच दिसलं," मामा खाली मान घालून बोलत होते. "हिचं लग्न ठरत आलं होतं. वरून ही सारखी रडत होती. म्हटलं, आपलेच दात, आपलेच ओठ. तू समजूतदार. तू सोसशील. मग दिवस गेले, वर्षं गेली, आणि मग कुठल्या तोंडानं सांगणार?"

म्हणजे ती ताडपत्री मामींवरच्या रागानं नव्हती बांधली. काड्या झाकायला बांधली होती. तिच्याखाली वाकून, आपलंच काहीतरी चुकलं असं धरून मामी तीस वर्षं काम करत राहिल्या, आणि हा माणूस रोज त्यांच्याच ताटाशेजारी बसून जेवत होता.

"वन्सं, तुम्ही जा," मामी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "तुमचं झालं."

नणंद डोळे पुसत गेली. आश्चर्य असं, की तिच्यावरचा राग तिच्याबरोबरच दारातून गेला. एवढी वर्षं जपलेला डूख, आणि दंश भलत्याच ठिकाणी बाकी होता.

मामांनी चांगला हात पुढे केला. पासष्टी उलटलेला माणूस. "चुकलं माझं. मला माफ कर."

मामींनी पकडीनं पहिली काडी ओढून काढली, दुसरी काढली. शर्यत भाचीची होती आणि त्या पोरीनं कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. रूळ असा बसवायचा, की फळी फुटेल पण रूळ हलणार नाही. सगळी भोकं रिकामी झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"करीन की," त्या म्हणाल्या. "तुम्ही जितकी वर्षं गप्प बसलात, तितकी वर्षं थांबा."