बाभळीवरचा लाल टॅग

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिल्या शिफ्टच्या चहाला उभा होतो. चऱ्होलीच्या माळावर, बाभळीखाली बसल्या जागी गेला म्हणे, गळ्यात दुर्बीण तशीच. कप हातात धरून माझ्या मनात आधी आलं ते एवढंच... ज्याच्यासाठी बसला होता, ते त्याला दिसलं तरी असेल का?

दत्ता लातूरकडचा. चाकणच्या आमच्या कंपनीत मेंटेनन्सला होता आणि मी त्याचा शिफ्ट इनचार्ज. एरवी अबोल, पण पाखरांवर गाडी गेली की आवरत नसे. काही वर्षांपूर्वी त्या बाभळीवर त्याने एक अमूर ससाणा पाहिला होता. कबुतराएवढा, राखाडी अंगाचा, लाल पायांचा. पार चीनच्या बाजूने निघून समुद्रापलीकडे आफ्रिकेत जाणारा हा पक्षी आपल्याकडे टेकला तर टेकतो, तोही चार दिवस. तेव्हापासून दसरा झाला की सुट्टीची प्रत्येक सकाळ माळावर. "एवढी वाट तर जावई अधिक महिन्याचीही बघत नाही रे," मी चिडवायचो. तो हसायचा नाही. "येलालेत साहेब ते. जागा राहिली पाहिजे फक्त."

जागा राहायची लक्षणं नव्हती. माळाला आधी पत्र्याचं कुंपण पडलं, मग त्यावर उंच इमारतींची चित्रं लागली. गेल्या वर्षी एकदा मीही त्याच्यासोबत गेलो, तर साधे चंडोलही बोलले नाहीत, ती शांतता मला आवडली नव्हती. यंदा दसरा झाला आणि खोदाई सुरू झाली. त्याच सुमारास दत्ताचा चेहराही उतरत चालला होता. जिन्यात मध्येच थांबायचा, कठडा धरून. डॉक्टरला दाखव म्हटलं की म्हणायचा, "ससाणा दिसू द्या, मग जातो."

मग त्याने मेंटेनन्सवाल्यालाच सुचेल असा उद्योग केला. आमच्याकडे मशीनमध्ये हात घालण्याआधी जो तो आपलं नाव-फोटो आणि इनचार्जचा नंबर असलेला लाल टॅग मेन स्विचला अडकवतो. जितकी माणसं आत, तितके टॅग. ज्याचा त्यानेच काढायचा आणि शेवटचा टॅग निघेपर्यंत मशीन चालू करायचं नाही. दत्ताने आपला टॅग नेऊन बाभळीला बांधला. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. पण पोकलेनवाला गावातलाच, तरुणपणी कंपनीत राबलेला. त्याने टॅग वाचला आणि झाड सोडून भोवतीनं खोदायला लागला. त्यानंतर आठवडाभरातच दत्ता गेला.

तेराव्यानंतर पोकलेनवाल्याचा फोन आला. "साहेब, चारी अंगांनी खोदून झालंय. मालक रोज वरडतोय. पण दुसऱ्याच्या टॅगला आमी हात लावत न्हाई. माणूसच राहिला न्हाई तर इनचार्ज काढतो, व्हय ना?"

नियम तसाच आहे. मी गेलो. खोल खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक उंचवटा उरला होता, त्यावर ती बाभूळ, एका बाजूची मुळं उघडी पडलेली. जायला हातभर रुंदीचा बांध होता, पायाखाली माती सुटत होती. वर आभाळ स्वच्छ आणि रिकामं. टॅगवरचा दत्ताचा फोटो उन्हाने फिका पडला होता, डोळे तेवढे राहिले होते. मला भरून आलं, आणि भीतीही वाटली. मुळांकडे बघून कळत होतं, हे झाड कुणी नाही पाडलं तरी फार दिवस काढणार नाही. पण ससाण्यांचे दिवस अजून संपले नव्हते...

मागे पोकलेनचं इंजिन घरघरत होतं. "काढताय ना साहेब?"

मी खिशात हात घातला, माझा टॅग काढला आणि दत्ताच्या टॅगखाली अडकवला. पोकलेनवाला बांधावरून आला, वाकून माझं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं. मग परत गेला आणि त्याने इंजिन बंद केलं.