मिश्रीची पुंगळी

लग्न होऊन मी कुरुंद्याजवळच्या त्या गावात आले, तेव्हा घरात सासू-सासऱ्यांचा अबोला चालू होता. कारण होतं बंदुकीच्या काडतुसाची एक रिकामी पुंगळी. कसल्या घरात येऊन पडले, असं मला अगदी मनापासून वाटलं.

मामंजींकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, पिकं राखायला परवान्याची एकनळी बंदूक होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. उडवलेल्या काडतुसांच्या सगळ्या पुंगळ्या दुकानात जमा केल्याशिवाय नवं काडतूस मिळायचं नाही, असा नियम. मामंजी काडतुसाच्या बाबतीत महाचिकट. रानडुक्कर दिसलं की आधी डबा बडवायचे, मग शिव्या द्यायचे, अगदीच नाइलाज झाला तर बार काढायचे. तरीही काडतुसं संपली, नेमका भुईमूग शेंगांवर आला असताना. आणि पुंगळी एक कमी भरली.

ती कुठे आहे हे घरातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. लाल, पितळी बुडाची ती पुंगळी सासूबाईंच्या कमरेला खोचलेली असे. तिच्यात त्यांची दातांना लावायची मिश्री, वर चिंधीचा बोळा. दोघांच्या मधे मी.

"सूनबाई, तिला म्हणावं, तो सरकारी माल हाय."

"त्यायला सांग, सरकारला मिश्री लागती का इचारून या."

मग एका सकाळी डुकरांनी बांधाकडचा अख्खा पट्टा उकरलेला सासूबाईंनी पाहिला. घरी येऊन त्यांनी मुकाट्याने मिश्री कागदात ओतली. पण पुंगळी सोबत घेऊन त्या स्वतः मामंजींबरोबर वसमतच्या दुकानात निघाल्या, आणि मलाही नेलं.

दुकानदाराने सवयीने पुंगळी नाकाशी नेली आणि असा शिंकत सुटला की गल्ल्यावरची उदबत्ती विझली.

"काका, डुकरं मारता का तंबाखू?"

मामंजी छताकडे बघत राहिले. सासूबाईंचं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या पुंगळ्यांनी भरलेल्या खोक्याकडे. "इतक्या हायत, एक द्या की मला."

"न्हाई जमत मावशी. मलाबी वर जमा करावं लागतंय."

नवी काडतुसं मिळाली, पण परतीच्या एसटीत सासूबाई मिश्रीची पुडी मुठीत धरून बसल्या होत्या. मला फार वाईट वाटलं, आणि हसूही येत होतं.

संध्याकाळी शेतातून धाडकन बार ऐकू आला. आम्ही दोघी धावलो. मामंजी विहिरीच्या काठावर उभे, बंदूक आभाळाकडे.

"डुक्कर कुठंय?" सासूबाई ओरडल्या.

"न्हाई आलं आज."

त्यांनी गरम पुंगळी काढली, फुंकर घातली, धोतराने पुसली आणि सासूबाईंपुढे धरली. सासूबाईंनी ती उलटसुलट पाहिली आणि कमरेला खोचली.

"फुडल्या वर्षी परत मागशाल?"

"मागीन की," मामंजी म्हणाले. "अन् परत एक फोडीन."