मिस्त्रींच्या आवारातली लाँच

नदीकाठी लाकडी होड्या बांधणाऱ्या त्या माणसाला सगळे मिस्त्रीच म्हणत. बायकोसुद्धा रागावली की 'अहो मिस्त्री' अशी हाक मारायची आणि ती हाक आली की मिस्त्रींचा डावा कान ताबडतोब बहिरा व्हायचा. करवतीच्या यंत्राशेजारी चाळीस वर्षं काढल्यानं तो कान खरंच अधू होता. पण तो नेमका कधी अधू असायचा हे मिस्त्रीच ठरवतात, असं बायकोचं म्हणणं.

माणूस कामाला वाघ आणि बोलायला कंजूष. तोंड सुटायचं ते लाकडाशी. फळीवर टिचकी मारायची, चांगला कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "ही लबाड आहे. वरून गोरी, आतून पोकळ."

त्यांच्या हातची सगळ्यात मोठी होडी म्हणजे या काठावरून त्या काठाला माणसं नेणारी लाँच. बंद केबिन, दोन्ही बाजूंना बाकं. ती चालवायचा त्यांचा धाकटा भाऊ. त्याला बोलायला कुणीही चालायचं, आणि कुणी नसलं तर नदी चालायची. "दादानं बांधायची, मी हाकायची. आमच्या घराला ही नदी आंदणच मिळालीय," असं तो उतारूंना ऐकवायचा.

एका दुपारी पात्राच्या मधोमध वादळानं लाँच गाठली. ती कलंडली आणि बघता बघता बुडाली. खिडक्यांतून, टपावरून बत्तीस जण वाचले. नऊ गेले. त्यांत धाकटा होता. पोहून काठ गाठणं त्याला अवघड नव्हतं. पण शेवटपर्यंत तो बाहेरून केबिनचं दार ढकलत होता, असं वाचलेल्यांनी सांगितलं.

पाच महिन्यांनी, चौकशी संपल्यावर, क्रेननं लाँच वर काढली. तिचं काय करायचं ते गेलेल्यांच्या घरच्यांनी ठरवावं, असं नगरपालिकेनं कळवलं आणि तोवर ती मिस्त्रींच्या आवारात आणून ठेवली.

"सगळ्या गावात आपलंच आवार सापडलं का हो?" बायकोनं विचारलं.

"माझीच आहे ती," मिस्त्री म्हणाले. "कुठे जाईल?"

माणसं येऊ लागली. कुणी लांबूनच बघून जायचं. एकीनं येऊन लाँचला दगड मारला आणि मग तिथेच बसून रडली. निवृत्त गुरुजी मात्र रोज संध्याकाळी यायचे. त्यांची नात त्या लाँचमध्ये गेली होती. ते काही बोलत नसत. मिस्त्रींनीही विचारलं नाही. पहिल्या दिवशी स्टूल दिलं, दुसऱ्या दिवसापासून चहा.

मिस्त्रींनी आतला गाळ काढला, बाकं धुतली, फळ्या पुसल्या. दाराला हात लावला नाही. हे बायकोच्या नजरेतून सुटलं नाही.

"सगळी लाँच अंघोळ घालून काढलीत. दार का सोडलंत?"

मिस्त्री रंधा मारत राहिले.

"कान नका फिरवू माझ्याकडे. दुसरा चांगला आहे, ठाऊक आहे मला."

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. मूळचं दार बाहेर उघडायचं, त्यांनी सांगितलं. पण नदीवरचा वारा ते आपटायचा. एकदा धाकट्याची बोटं चेमटली. 'दादा, आत उघडणारं कर ना,' म्हणत तो आला आणि मिस्त्रींनी बिजागऱ्या फिरवून दिल्या. अर्ध्या तासाचं काम. त्या दिवशी आतली माणसं जीव घेऊन दारावरच येऊन पडली, आणि आत उघडणारं दार त्यांच्याच भारानं बंद राहिलं.

"चौकशीत कुणी विचारलं नाही, मीही मूग गिळून बसलो. बोललो असतो तर धाकट्यावर बोट रोखलं गेलं असतं."

बायकोनं खाली ठेवलेला रंधा उचलून जागेवर ठेवला. मग म्हणाली, "आधी त्याच्या बायकोला सांगा. मग गावाला."

भावजय शेजारच्याच खोल्यांत राहायची. कपड्यांच्या घड्या घालत तिनं सगळं ऐकून घेतलं. मिस्त्रींची मान वर होईना.

"मला माहीत आहे, भाऊजी," ती म्हणाली. "दार फिरवून दिलंत त्या दिवशी हे घरी आले ते नाचतच. दादानं एका शब्दात ऐकलं माझं, म्हणून." हातातला सदरा तिनं उगाच पुन्हा उलगडला. "बोटाला पट्टी होती आणि हसू तोंडावर मावत नव्हतं."

पुढच्या रविवारी शाळेच्या मोठ्या वर्गात नऊ घरं जमली. कुणी म्हणालं, जाळून टाका. कुणी म्हणालं, चौकात ठेवा, लोकांना आठवण राहील. "आम्ही काय विसरतोय?" त्यावर एक जण उसळला. तेव्हा मिस्त्री उठले.

"आधी एक ऐका. ते दार मी आत फिरवलं होतं."

"दोघांनी," मागून भावजयीचा आवाज आला. "माझ्या माणसानं मागितलं, भाऊजींनी दिलं. वाईट व्हावं असं दोघांच्याही मनात नव्हतं."

गुरुजींनी विचारलं, "बाहेर उघडत असतं, तर ती वाचली असती?"

खोटं बोलायला वाव होता. मिस्त्री म्हणाले, "कदाचित वाचली असती, गुरुजी."

गुरुजी काठी टेकत निघून गेले. सभा तशीच मोडली. त्यानंतर आठ दिवस स्टूल रिकामं राहिलं. मिस्त्री चहाचे दोन कप भरायचे आणि दोन्ही स्वतःच प्यायचे.

नवव्या दिवशी गुरुजी आले. बसले नाहीत.

"मिस्त्री, पस्तीस वर्षं मी पाढे घोकून घेतले. कलंडलेल्या होडीतून बाहेर कसं पडायचं, हे एकालाही शिकवलं नाही. मलाच येत नाही. हिच्यात शिकवता येईल?"

मिस्त्रींनी लाँचभोवती एक फेरी मारली. "कमरेएवढ्या पाण्यात, दोरांनी बांधून कलती करता येईल. इंजिन काढतो." थोडं थांबून म्हणाले, "आणि दार फिरवतो."

"पण त्या लाँचमध्ये आधी बसणार कोण?" बायकोनं सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

"मी," शेजारच्या ओट्यावरून भावजय म्हणाली. "आणि जाऊबाई, तुम्ही माझ्या शेजारी."

"मी? मला बादलीतल्या पाण्याची भीती वाटते!"

तरी ती बसली. नऊपैकी सात घरांनी होकार दिला. नदीच्या वळणावर, पाणी संथ असतं तिथे, मिस्त्रींनी लाँच उतरवली. पहिल्यांदा ती कलली तेव्हा बायकोनं अशी किंकाळी फोडली की पलीकडच्या काठावरची माणसं गोळा झाली. पण दाराशी गर्दी करायची नाही, खिडकीची कडी कुठे, आधी कुणाला पुढे सोडायचं, हे सगळं करून ती पाचवी बाहेर आली. ओलीचिंब, आणि भलतीच खूश.

आता दर उन्हाळ्यात शाळेची मुलं येतात, बाजारच्या बायका येतात. भावजय पन्नाशीला पोहायला शिकली आणि हल्ली तीच शिकवते. बोलता बोलता आवाज थेट धाकट्यासारखा चढतो, तेव्हा काठावर दोर धरून उभे असलेले मिस्त्री चांगला कान तिच्याकडे करतात.

दोन घरं अजून येत नाहीत. त्यांतलं एक तर बाजाराला जाताना नदीकडचा रस्ता सोडून टेकडीवरून लांबचा वळसा घेतं. मिस्त्रींनी त्यांना कधी बोलावलं नाही. फक्त त्या टेकडीच्या चढावर, सावली बघून, त्यांनी एक बाक बसवून दिलं. नव्या लाकडाचं.