तीन दगडांवर न ओतलेलं पाणी

सुरेखा, अशी जवळ ये बाई, आणि आधी माझी बोलणी खा. आईच्या दहाव्याला भेटलीस, "येते मावशी रविवारी" म्हणालीस, त्याला पाच रविवार होऊन गेले. विरारहून गासला यायला काय बोटीत बसावं लागतं? तुझ्यासाठी केळी दोनदा पिकली आणि दोनदा शेजारी वाटून टाकली. असो... रागावण्याचा मला अधिकार आहे की नाही, ते तू खालचं सगळं वाचलंस की ठरव. तुझ्या सासरी रविवारी ही पुरवणी येते, तू ती शेवटच्या पानापर्यंत वाचतेस, हे मला माहीत आहे. म्हणून इथे लिहिते आहे. आणि दुसरंही एक कारण आहे, ते ओघात येईल.

तुझा फोन आला तेव्हा मी ओटीवर मोगरा ओवत बसले होते. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणालीस. मी सुई ठेवली. माणूस गेल्यावर जे व्हायला हवं ते मला व्हायचं होतं, झालंही नंतर, पण त्याआधी मनात एक गोष्ट आली आणि ती आली याची मला अजून लाज वाटते. मनात आलं, आता हे कुणालाच माहीत नाही. सुटले! असा एक गार वारा आत फिरला बघ, क्षणभर. देवकी माझी पंचवीस वर्षांची मैत्रीण, आणि ती गेल्याचं कळल्यावर मी आधी सुटकेचा श्वास सोडला. इथून मागे मला सगळं सांगायचं आहे.

आमची ओळख बाजारातली. सासूबाई थकल्यावर नालासोपाऱ्याच्या बाजारात आमच्या वाडीची फुलं आणि केळी घेऊन मी बसायला लागले. शेजारच्या गोणपाटावर तुझी आई, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरून चालत आलेली. पुढ्यात पळसाच्या पानांचे भारे, दिवस असतील तशी करवंदं, शेवळं, कंटोळी. तिच्या पळसपानांत मी गजरे बांधायची आणि उरलेली केळी तिच्या टोपलीत टाकायची. मला ती "बाय" म्हणायची. चौथी शिकलेली मी, तिला अक्षर येत नव्हतं, पण गिऱ्हाईक लांबून येताना बघून ते घेणार की नुसतं चाचपून जाणार, हे तिला आधी कळायचं. बोलायला तिखट. पुढे वसईच्या पूर्वेला मोठमोठ्या वसाहती झाल्या, एव्हरशाईन सिटी झाली, आणि रविवारी पाठीवर पिशव्या लावून डोंगरावर जाणारी माणसं दिसायला लागली. तेव्हा ती म्हणायची, "येवढे बूट घालून वर जातात, आनि वर जाऊन काय करतात, तर बिस्किट खातात. बिस्किट खाली मिलत नाय का ग, बाय?" मी हसून हसून पडायची. आणि मग मीही त्यांच्यातलीच एक झाले!

झालं असं, की त्या वसाहतीतल्या बायकांचं मंडळ निघालं. दर महिन्याला एक डोंगरफेरी. माझ्याकडे फुलं घ्यायला येणाऱ्या बाईंनी मला ओढलं, आणि वाट दाखवायला मी देवकीला ओढलं. दोन वर्षं फार आनंदात गेली. पन्नाशीतली मी, कासोटा घातल्यासारखी साडी खोचून टेकाडं चढायची. देवकी पुढे अनवाणी. कुठल्या झाडाचं काय, कुठे रानडुकराने उकरलंय, सगळं सांगत जायची. डोंगराच्या मधल्या खांद्यावर मोहाचं एक जुनं झाड होतं, तुझ्या आज्याच्या वेळेपासून तुमच्या घराने वेचलेलं. त्याच्या सावलीला आमचा चहा व्हायचा. तीन दगड मांडून चूल करायचं काम माझं. चहा मीच करायचा असा माझा हट्टच होता.

तो दहा वर्षांपूर्वीचा, होळीनंतरचा रविवार. पानगळ पुरी झालेली, साग उघडा पडलेला, पायाखाली पाचोळा असा, की शेजारीण काय बोलते ते ऐकू येऊ नये. चहा झाला. सगळ्या उतरायला लागल्या. देवकी वाट धरता धरता मागे वळून म्हणाली, "बाय, पानी ओत वरून." माझ्या तांब्यात पाणी होतं. अर्ध्याच्या वर होतं, मला आज दिसतंय ते. पण आमच्या घरात चुलीवर कधी पाणी ओतत नाहीत. विस्तव राखेखाली निजवायचा, सकाळी फुंकून जागा करायचा. चुलीवर पाणी पडतं ते घरातलं माणूस गेलं की, असं सासूबाईंनी मी नवी नवरी असताना सांगितलेलं, आणि माझ्या हाताने ते पंचवीस-तीस वर्षं पाळलेलं. मी देवकीला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "ही काय तुजे घरची चूल हाय?" मी म्हटलं, "चूल ती चूल. तू हो पुढे, मी झाकून येते." तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि वळली. मी राख ओढली, वर हाताने माती ओढली, म्हणजे मला ती माती वाटली. ती माती नव्हती. कुजका पाचोळा होता, वरून मातीसारखा दिसणारा. वर दोन थापट्या मारल्या, घरी मारते तशा, आणि खाली आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा उठला. मी वाडीत पाटाचं पाणी वळवत होते. केळीच्या वरून डोंगर दिसतो आमच्याकडून. मधल्या खांद्यातून धूर निघत होता. संध्याकाळी डोंगराला लाल काठ आला, साडीला असतो तसा, आणि तो काठ वर वर सरकत गेला. सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "मोहवाल्यांनी लावला असणार." मोह वेचणारे कधीमधी झाडाखालचा पाचोळा जाळतात, फुलं स्पष्ट दिसावीत म्हणून. ते सगळ्यांनाच माहीत. मी म्हटलं, "हो, असणार." माझी पहिली लबाडी ही. अजून दोन आहेत.

तुला सांगायला नको, तू तेव्हा दहा-बारा वर्षांची होतीस. वनखात्याची माणसं पाड्यावर आली. तुमचा मोह तिथला, म्हणून तुझ्या बापाला नेलं. लखमाभाऊ दोन दिवस चौकीवर बसून होता. सिद्ध काहीच झालं नाही, सोडून दिलं. पण दर उन्हाळ्यात त्याला जंगलराखणीचं काम मिळायचं ते पुढे मिळालं नाही, आणि "वणवेवाला लखमा" हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलं. हे चालू असताना आमच्या मंडळाची सभा झाली. निवेदन तयार केलेलं होतं. पाड्यावरचे लोक मोहासाठी वणवे लावतात, निसर्गाचा नाश होतो, तरी त्यांना डोंगरावर जायची बंदी करावी. अध्यक्षबाईंनी माझ्यापुढे कागद ठेवला, म्हणाल्या, "कुमुदताई, तुम्ही तर इथल्या जुन्या, तुमची सही हवीच." सुरेखा, मी सही केली. माझं अक्षर वाईट, म्हणून सावकाश, नीट काढली. वरून तिसरी. गावच्या साप्ताहिकात ते निवेदन नावांसकट छापून आलं. ज्या नावाने छापून आलं, त्याच नावाने हेही छापून यावं, हे माझं दुसरं कारण. तो उन्हाळा तुमच्या पाड्याने मोह वेचला नाही.

तीन आठवड्यांनी मंडळ पाहणीला वर गेलं. वाट दाखवायला पुन्हा देवकीच. नवरा चौकीवरून परत आलेला, आणि ही आम्हाला वाट दाखवायला उभी. मला वाटतं तिने मला बघायला होकार दिला असावा. वर काळं. जमीन पायाखाली कुरकुरत होती, साडीच्या काठाला काजळी. गोगलगायींचे शंख पांढरेफेक, हात लावला की पीठ. मोठा साग उभा होता, त्याला फारसं काही होत नाही, पण गुडघ्याएवढी सगळी रोपं, ऐनाची, किंजळाची, हिरड्याची, गेली होती. म्हणजे पुढची पंधरा-वीस वर्षं गेली होती. मोहाचं खोड पोकळ, ते आतून दोन दिवस जळत होतं म्हणे. आणि त्याच्या पायाशी माझे तीन दगड, जसेच्या तसे. तिथून वर झाडाच्या दिशेने जळाल्याची जीभ गेलेली अगदी स्पष्ट. कुणी वाकून बघितलं असतं तर कळलं असतं. देवकीने दगडांकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाकीच्या मागे होत्या. तिने पायानेच एकेक दगड लोटला. तीनही दगड गडगडत उतारावरून गेले.

मी स्वतःला सांगितलं, सहज लोटले असतील. पुढची चार वर्षं हेच सांगत राहिले.

पहिल्या पावसात डोंगर असा हिरवा झाला, की मंडळातल्या बायका म्हणाल्या, बघा निसर्ग कसा भरून काढतो. देवकी मला बाजारात म्हणाली, "गवत हाय ते. गवताला काय, त्याला जलायचीच सवय." त्या हिवाळ्यापासून तिने पाड्यातल्या बायका जमवून जाळरेषा काढायला सुरुवात केली. खांद्याच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन हात रुंद पट्टा साफ करायचा, पाचोळा ओढायचा, म्हणजे आग आली तरी ओलांडून जात नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. मी दर वर्षी जायची. मंडळातल्या दोघी-तिघी पहिल्या वर्षी आल्या, फोटो काढले, पुढे आल्या नाहीत. निघताना देवकी कामं वाटायची, हिला कोयता, तिला दाताळं. माझ्या हातात दर वर्षी पाण्याचा भरलेला कॅन. मी म्हणायची, मलाही दाताळं दे की, मी काय म्हातारी झाले? ती म्हणायची, "तू पानीच धर, बाय." मला हे उमगायला चार वर्षं लागली. उमगलं त्या दिवशी कॅन घेऊन मी चढावर मध्येच बसले, आणि बायकांनी विचारलं तर पाय मुरगळल्याचं सांगितलं.

मोह मात्र वाचला. तिसऱ्या वर्षी जळक्या खोडाच्या एका बाजूने तांबूस पालवी फुटली. पाचव्या-सहाव्या वर्षी देवकीने ओंजळभर फुलं आणून माझ्या गोणपाटावर ठेवली. "खा. तुजा बी वाटा हाय त्याच्यात." मी खाल्ली. गोड होती.

तुझं लग्न ठरत होतं तेव्हा एका ठिकाणाहून निरोप आला होता, वणवेवाल्याची मुलगी नको. तू रडत होतीस, आणि तुझी समजूत घालायला देवकीने मला बोलावलं... मला! मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हटलं, लोकांची तोंडं कोण धरणार. ही दुसरी, आणि सही धरली तर तिसरी. मोजायचं सोडून दे, मला जमत नाही.

शेवटची भेट ती जायच्या नऊ दिवस आधीची. पडवीत खाटेवर होती, हाडं उरली होती. चुलीशी तांब्या भरलेला, तिच्या घरी तो कायम असायचा, चुलीचं काम झालं की विस्तवावर पाणी मारल्याशिवाय ती उठायची नाही. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "देवकी, त्या वर्षीचं मला तुला..." तिने मान हलवली. म्हणाली, "माला नको सांगू. माला म्हाईत हाय." मग हनुवटीने अंगणाकडे दाखवलं. तिथे लखमाभाऊ टोपली विणत बसला होता. "त्याला सांग."

मी उठले. अंगणात गेले. खरंच गेले, सांगायला म्हणून गेले. त्याने कामट्या बाजूला सारल्या, माझ्यासाठी पाट ओढला, आणि म्हणाला, "बाय, चा घेशील ना? लांबून आलीस." आत जाऊन स्वतः चहा ठेवला. मी तो चहा प्याले, टोपली छान झाली म्हटलं, आणि एसटी चुकेल म्हणून निघाले. पडवीतून ती बघत होती. मी वळून बघितलं नाही. दहाव्यालाही तो समोर होता. तेव्हाही मी जेवले आणि आले.

तिने मला का सांभाळलं, हे मला माहीत नाही. एवढं घरावर आलेलं असताना एका शब्दात मला पुढे करता आलं असतं. मैत्री म्हणून गप्प राहिली असं म्हणायला मला आवडेल, पण ते मी माझ्या सोयीचं म्हणेन. कदाचित गासच्या वाडीवाल्या बाईसमोर आपलं कोण ऐकणार, असं तिला वाटलं असेल. तसं असेल तर ती लाज आणखी मोठी. किंवा ती वाट बघत असेल, मी आपणहून सांगेन म्हणून... दहा वर्षं.

आमच्याकडे स्वयंपाकाचा गॅस येऊन जमाना झाला, पण परसात न्हाणीची चूल अजून आहे. वणव्याच्या वर्षापासून आंघोळी आटोपल्या की मी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतते. सासूबाई होत्या तोवर त्यांनी कपाळ बडवून घेतलं, घरावर काय आणतेस म्हणून. मी त्यांनाही कारण सांगितलं नाही. रोज चर्र आवाज होतो, वाफ तोंडावर येते, आणि देवकी मागून म्हणते, आनि थोडं ओत. मी आणि थोडं ओतते. राख पार गार होईपर्यंत बोटांनी चाचपून बघते.

तर सुरेखा, हे वाचून तुला माझं तोंड बघावंसं वाटलं नाही, तर तो तुझा हक्क आहे. पण बापासाठी एक कर. पाड्यावर पेपर येत नाही, कुणीतरी सांगेपर्यंत दोन-चार दिवस जातील. त्याला हे वाचून दाखवू नकोस. कागदाने सांगायची गोष्ट ही नव्हे. त्याच्या दारात गेले की तो चहा ठेवतो आणि मी पाहुणी होऊन जाते, दोनदा अनुभव घेतलाय. म्हणून त्याला इकडे घेऊन ये. लवकर ये, ह्याच आठवड्यात, सकाळची ये. परसात चुलीशी त्याला पाट देईन, चहा आधी देणार नाही. आधी सांगेन. मग तो घ्यायचा की नाही, ते त्याने ठरवावं.